अकरातला हरवलेला दहा

लहान मूल दहापर्यंत मोजावयास शिकते ते बहुधा घरातच, आणि तेही कोणी मुद्दाम शिकविल्यावाचून. जिन्याच्या पायऱ्या, आईच्या हातांतील बांगड्या, ताटातल्या पुऱ्या, स्वतःच्या हातांची बोटे यांची मोजदाद करता करता एक ते दहा हे शब्द त्याच्या जिभेवर बसतात. बोटे दहाच असल्यामुळे मोजणी दहाशी येऊन आपोआप विसावते. खरी अडचण उभी राहते ती त्यापुढच्या पावलाला. अकरा, बारा, तेरा हे शब्द मूल पाठ करते. परंतु पंधरा म्हणजे काय असे विचारले, तर ते आपल्या तोंडाकडे पाहत राहते. सतरा लिहावयास सांगितले तर कोणी ७१ लिहितो, तर कोणी अकरा लिहिताना दहा लिहून त्यापुढे एक मांडतो आणि पाटीवर १०१ उमटतात. मग घरात उद्गार निघतो, "ह्याचे गणित कच्चे आहे." ज्याची पाच वर्षे पुरती भरलेली नाहीत त्याच्यावर हा शिक्का बसतो, आणि पुष्कळदा तो जन्मभर पुसला जात नाही.

आमच्या मते ह्या प्रकरणी मुलाचा अपराध फारच थोडा आहे. त्याची अडचण भाषेच्या इतिहासातून आलेली आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे माणसांच्या तोंडून घासत आलेले शब्द आपण त्याच्या हाती देतो आणि त्यातला अर्थ त्याने स्वतः ओळखावा अशी अपेक्षा करतो. ही झीज कशी झाली, आणि ती भरून काढण्यासाठी निरनिराळ्या काळी माणसांनी कोणत्या युक्त्या योजिल्या, ते पाहण्यासारखे आहे. त्या माणसांत आपल्या ख्रिस्ती परंपरेतील काही थोर नावेही आहेत.

संस्कृतातील 'एकादश' ह्या शब्दात लपविलेले काही नाही. एक आणि दश हे दोन्ही भाग स्वच्छ ऐकू येतात. द्वादश, त्रयोदश, पंचदश, सप्तदश यांचेही तसेच. पुढे प्राकृतात 'दश'चा 'दस' झाला, जोडशब्दात आल्यावर त्यातील 'द'चा 'र' झाला, आणि शेवटचा 'स' हकारात विरून नाहीसा झाला. एकादश, एक्कारस, अकरा. द्वादश, बारस, बारा. म्हणजे अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा ह्या सर्वांच्या शेवटी जो 'रा' उभा आहे, तोच मूळचा दश होय. चौदामध्ये मात्र 'द' तगला. चतुर्दश ह्या शब्दात त्याच्या मागे रफार होता. प्राकृतात त्याचे 'चउद्दस' असे द्वित्त झाले आणि जोडीला सोबती असल्यामुळे त्याची झीज टळली. सोळामध्ये षोडशातील 'ड' हा 'ळ' होऊन बसला. इकडे सुटा 'दश' आपल्या निराळ्या वाटेने चालत 'दहा' झाला. दहा आणि अकरातला 'रा' ही अशी एकाच आईची दोन लेकरे. पण इतकी शतके दूरदूर वाढली की आता समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाने ते नाते कसे ओळखावे?

एकोणीसची तऱ्हा तर आणखी न्यारी. अठरापर्यंत दहात भर घालीत आलेले मूल येथे एकाएकी विसातून एक वजा करू लागते, आणि तेही वीस ही संख्या त्याला भेटण्याच्या आधी. 'एकोनविंशति' म्हणजे एकाने उणे वीस. संस्कृतात 'नवदश' असा सरळ शब्दही होता, पण मराठीने तो उचलला नाही. लॅटिन भाषेतही हाच प्रकार होता. तेथे अठराला 'विसात दोन कमी' आणि एकोणीसला 'विसात एक कमी' असे म्हणत. पण लॅटिनच्या लेकी पुढे शहाण्या झाल्या. इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज ह्या तिन्ही भाषांत आज एकोणीसला 'दहा-नऊ' अशाच अर्थाचा शब्द आहे. इ. स. १५३४ ते १७३९ ह्या काळात वसईवर ज्यांचे राज्य होते त्या पोर्तुगिजांच्या भाषेत अकरापासून पंधरापर्यंतचे शब्द आपल्यासारखेच झिजलेले आहेत. सोळापासून मात्र दहा आधी स्वच्छ उच्चारून पुढे सहा, सात, आठ, नऊ जोडतात.

इंग्रजी माध्यमाकडे वळलेल्या आपल्या कुटुंबांनी ह्यावरून समाधान मानू नये. 'इलेव्हन' ह्या शब्दात दहा मुळीच नाही. 'एक उरला' एवढाच त्याचा जुना अर्थ, आणि 'ट्वेल्व्ह' म्हणजे दोन उरले. दहा मोजून झाल्यावर उरले, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यावयाचे. पुढे 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत मुलांची होणारी गल्लत कोणत्याही बालवर्गाच्या शिक्षिकेने ऐकलेली असते. उलट आपल्या शेजारची कन्नड भाषा पाहा. तेथे अकरा म्हणजे 'हन्नोंदु', तेरा म्हणजे 'हदिमूरु'. दहाचा अंश प्रथम आणि सुटा अंक नंतर, अगदी पाटीवर लिहितात त्या क्रमाने. चिनी भाषा तर शब्दांची मोडतोडही करीत नाही. 'दहा-एक', 'दहा-दोन' इतके सरळ तिचे शब्द. तीन ते पाच वर्षांच्या चिनी आणि अमेरिकन मुलांच्या मोजणीची तुलना करणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दहापर्यंत दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दहाची वेस ओलांडताच अमेरिकन मुले मागे पडू लागली. घरचे वळण, शाळेची शिस्त ही कारणेही असतीलच. पण मुले नेमकी ह्याच वेशीपाशी अडखळावीत, ही गोष्ट बोलकी आहे.

मराठी शब्दांचा दुसरा घोटाळा क्रमाचा आहे. आपण बोलताना सुटा अंक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी मांडतो. सतरा म्हणताना कानावर आधी 'सात' पडतो. मूल ऐकल्याबरोबर ७ लिहून मोकळे होते आणि मग एकाला जागा शोधते. ७१ लिहिणारे मूल एका परीने आपल्या कानाशी प्रामाणिकच असते. जुन्या संस्कृत ग्रंथकारांना ह्या क्रमाचे वावडे नव्हते, कारण शब्दांनी संख्या सांगताना ते एककापासूनच आरंभ करीत आणि अंकांची गती डावीकडे असते असा त्यांचा दंडक होता.

आता आपण शब्द सोडून हाताकडे वळू. कारण शब्दांत हरवलेला दहा माणसाने नेहमी हातानेच शोधून काढला आहे.

इंग्लंडच्या ईशान्येस जॅरो येथील मठात संत बीड हे विद्वान संन्यासी होऊन गेले. (आपल्या बीड जिल्ह्याशी ह्या नावाचा संबंध नाही.) इ. स. ७२५ मध्ये त्यांनी कालगणनेवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. पुनरुत्थानाचा सण कोणत्या तारखेस येतो हे ठरविण्याची विद्या त्यात सांगितली आहे, आणि त्या गणिताचा पाया आहे एकोणीस वर्षांचे चांद्रचक्र. अशा भारदस्त ग्रंथाचा पहिलाच अध्याय मात्र बोटांनी मोजण्याविषयी आहे! त्या रीतीत डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधले बोट यांच्या उघडझापीतून एक ते नऊ दाखवावयाचे, आणि त्याच हाताची तर्जनी व अंगठा यांनी दशक दाखवावयाचे. तर्जनीचे नख अंगठ्याच्या मध्यावर टेकविले की दहा झाले. आता अकरा दाखवावयाचा असेल तर ती खूण तशीच ठेवून करंगळी मिटावी. बारासाठी अनामिकाही मिटावी. तेरासाठी मधले बोट. दहा जागच्या जागी स्थिर आणि सुटे अंक त्याच्या शेजारी बदलत आहेत, हे एका हातावर डोळ्यांना दिसते. आमच्या माहितीत अकरा ते एकोणीस यांचा अर्थ इतक्या थोड्या साधनात समजावून देणारी दुसरी युक्ती नाही. ही रीत बीड यांच्याही आधीची. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील तीसपट, साठपट आणि शंभरपट पिकाचा अर्थ लावताना संत जेरोम यांनी बोटांच्या ह्याच खुणांचा आधार घेतला होता.

लेखी अंकांची कथा आपल्या देशातून सुरू होते. युफ्रेटिस नदीकाठच्या केन्नेश्रे मठातील सिरियन बिशप सेवेरस सेबोख्त यांनी इ. स. ६६२ मध्ये हिंदूंच्या गणनपद्धतीची मुक्तकंठाने स्तुती केली आणि ती नऊ चिन्हांनी चालते असे नमूद केले. ज्ञान काही ग्रीकांचीच मिरास नव्हे, हे त्यांना स्वकीयांना ऐकवावयाचे होते. पश्चिम युरोपात हे नऊ अंक प्रथम दिसतात ते इ. स. ९७६ मधील एका हस्तलिखितात, आणि तेही स्पेनमधील अल्बेल्दा येथील मठात लिहिले गेले. त्याच सुमारास गर्बर्ट नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू रीम्स येथे शिकवीत होता. तरुणपणी तो स्पेनच्या सीमेवरील काटालोनियात राहून आला होता. त्याने एका ढाली बनविणाऱ्या कारागिराकडून सत्तावीस घरांची एक मोजपाटी करवून घेतली आणि शिंगाच्या हजार सोंगट्या करवून त्यांवर ते नवे अंक कोरविले. एककाच्या घरात एकाची सोंगटी आणि दशकाच्या घरात एकाची सोंगटी ठेवली की अकरा झाले. दोन्हींवर अंक तोच, फरक जागेचा. शून्याची गरज नाही, घर रिकामे ठेवले की झाले. हाच गर्बर्ट इ. स. ९९९ मध्ये दुसरा सिल्व्हेस्टर ह्या नावाने पोपपदावर आला आणि १००३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्या पदावर होता. इतका गणिती मनुष्य सैतानाशी करार केल्यावाचून होणार नाही, अशा कंड्या त्याच्यामागे लोकांनी पिकविल्या. गणिताची धास्ती किती जुनी आहे पाहा!

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत मोजणी शिकविली जात असे ती धूळपाटीवर आणि घोकून. "एकावर एक अकरा, एकावर दोन बारा" ही उजळणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानांत अजून असेल. पूज्य म्हणजे शून्य. "एकावर पूज्य दहा" येथून ती पुढे चाले. ह्या उजळणीची आज थट्टा होते, परंतु तिने एक काम चोख केले. अकराचे बोललेले नाव आणि त्याची लिहिलेली आकृती यांची गाठ तिने पक्की बांधली. ती म्हणणारे मूल १०१ लिहीत नसे. उणीव इतकीच की त्या 'एकावर एक'मधला पहिला एक हा दहांचा गठ्ठा आहे, हे तिच्यात कोठेच सांगितलेले नसे. पावकी, निमकी, दीडकी, औटकी तोंडपाठ असलेले कारकून त्या शाळांनी तयार केले. ज्यांना ते पाठ झाले नाही त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

ही उणीव ज्यांनी नेमकी हेरली त्या मारिया मॉन्टेसरी श्रद्धाळू कॅथलिक होत्या. रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांचे पहिले बालगृह उघडले. फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ यांनी मतिमंद मुलांना शिकविण्यासाठी जी साधने योजिली होती, त्यांवरून मॉन्टेसरींनी एक फळी तयार केली; आजही ती सेगँच्याच नावाने ओळखली जाते. फळीवर एकाखाली एक असे नऊ वेळा १० लिहिलेले असतात. मुलाच्या हाती १ ते ९ अंकांच्या लाकडी पट्ट्या देतात. १ ची पट्टी पहिल्या दहाच्या शून्यावर सरकवून बसविली की अकरा दिसतात. शून्य नाहीसे झाले असे नाही, ते खाली झाकलेले आहे. पट्टी काढली की दहा पुन्हा उघडे पडतात. ज्या मुलाने पाटीवर १०१ लिहिले होते त्याला नेमके हेच दाखवावयाचे होते! शेजारी दहा सोनेरी मण्यांची एक काडी आणि एक सुटा लाल मणी ठेवावयाचा. बारासाठी तीच सोनेरी काडी आणि दोन मण्यांची हिरवी काडी. तेरासाठी तीन मण्यांची गुलाबी. डोळ्यांनी अंक, हाताने मणी आणि कानांनी नाव, अशी तिन्हींची गाठ एकाच बैठकीत पडते. मुलांना पवित्र मिस्सा समजावून सांगणारे पुस्तकही ह्याच बाईंनी लिहिले आहे, हे आपल्या धर्मशिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

मॉन्टेसरी नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. पुढल्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इटालियन म्हणून त्यांच्यावर इंग्रज सरकारची बंधने आली. त्यांचे पुत्र मारियो यांना तर अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्यांची सुटका झाली. मात्र मॉन्टेसरींचा विचार महाराष्ट्रात त्यांच्या आधीच पोहोचला होता. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह तो भावनगरला राबविला होता, आणि १९४५ मध्ये त्यांनी वसईच्या उत्तरेस असलेल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते जन्मभर वाहिले. सोनेरी मण्यांची पेटी आदिवासी पाड्यावर कोणाला परवडणार? तेव्हा खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या हीच साधने झाली. दहा काड्यांची जुडी बांधावी आणि शेजारी सुट्या काड्या ठेवाव्या, एवढ्यात रोमच्या महागड्या साधनाचे सारे मर्म येते. मूल जुडी सोडून मोजू शकते, पुन्हा बांधू शकते. सोनेरी काडी ज्या मुलाच्या हातात आहे त्याला हे सुख नाही.

जून २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जे वादळ उठले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. एकवीसपासून पुढील संख्यांना 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोपी रीत त्यात दिली होती. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी कारणे स्पष्ट सांगितली: बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटसुलट असल्यामुळे व जोडाक्षरांमुळे मुले अडखळतात. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. दोन्ही दिली होती. तरीही मराठीचा घात झाला म्हणून ओरड झाली, विनोद झाले, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. १९५१ मध्ये नॉर्वे देशाने हाच बदल अधिकृतपणे केला होता. दूरध्वनीवर आकडे सांगताना गोंधळ होतो म्हणून 'एक आणि वीस'च्या जागी 'वीस-एक' असे म्हणावयाचे ठरले. आज सत्तर वर्षे उलटून गेली तरी तेथे दोन्ही रीती ऐकू येतात, आणि त्यामुळे कोणाची भाषा बुडालेली नाही.

आम्हांला स्वतःला एकवीस, त्रेपन्न, अठ्ठ्याण्णव हे शब्द प्रिय आहेत आणि ते जावेत असे मुळीच वाटत नाही. धोका त्यांना आहे तो वेगळ्याच बाजूने. आजी बाजारात अठरा रुपये म्हणते आणि नातू "म्हणजे एटीन का?" असे विचारतो, ही स्थिती आपल्या धर्मग्रामांत घरोघर आली आहे. दुसरीच्या पुस्तकाने ती आणलेली नाही. आपल्या घरांत मुलाला बाप्तिस्म्याचे एक नाव असते आणि हाक मारावयाचे दुसरे. दोन नावांनी मूल गोंधळत नाही. तसे अकराला काही महिने 'दहा नि एक' हे घरचे नाव असावयास काय हरकत आहे? ज्याच्या हाताला ते कळले तो पुढे अकरा हे नाव आनंदाने घेईल, आणि त्यातल्या 'रा'मध्ये दहा लपला आहे ही गंमतही त्याला सांगता येईल.

साधनेही दूर शोधावयास नकोत. चर्चच्या भिंतीवर क्रूसाच्या वाटेची स्थाने असतात. ती चौदाच असावीत हे १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी निश्चित केले. पुष्कळ चर्चमध्ये त्यांवर रोमन अंक असतात. अकराव्या स्थानापाशी एक फुली आणि शेजारी एक उभी रेघ, बाराव्यापाशी फुली आणि दोन रेघा. फुली म्हणजे दहा. मुलाला कडेवर घेऊन तेथे उभे राहिले तर बोलण्यात हरवलेला दहा भिंतीवर उघडा दिसतो.

आणि रोझरी तर प्रत्येक घरात आहे. पाच रहस्यांच्या माळेत नमो मारियाचे मणी एकंदर त्रेपन्न असतात: क्रूसापाशी सुटे तीन, आणि पुढे दहा-दहांचे पाच संच. प्रार्थना करताना आधी ते तीन येतात आणि नंतर पन्नास. मराठी 'त्रेपन्न' हा शब्दही आधी तीन आणि मग पन्नास असाच उच्चारला जातो. संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर माळ मुलाच्या हाती द्यावी. सुट्या तिनांपैकी एक मणी त्याने एका हाताच्या चिमटीत धरावा, दुसऱ्या हातात मोठ्या मण्यापुढचा पहिला दहांचा संच धरावा, आणि त्याच क्रमाने म्हणावे: एक नि दहा, अकरा. मग दुसरा मणी चिमटीत घ्यावा: दोन नि दहा, बारा. तिसऱ्या मण्याला तेरा होतात. तेथे सुटे मणी संपतात, आणि चौदा कोठून आणावयाचे हे बहुधा मूल स्वतःच विचारते.